वांग्यावर औषध कधी मारायचं? अळी उघड्यावर असते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नरकडचे एक शेतकरी विचारतात: एक एकर वांगी, अर्धा एकर टोमॅटो, बांधाला झेंडू. दर सोमवारी फवारणी ठरलेली, औषधही दर खेपेला वेगळ्या कंपनीचं. तरी वांग्याचे शेंडे माना टाकतात आणि तोड्यात बराच माल किडका निघतो. शेजारी सांगतात अमावास्येला मारा, दुकानदार सांगतो दोन औषधं मिसळून मारा. नेमकं कधी मारावं?

आधी सोमवार सोडून द्या. औषधाचा दिवस किडीच्या अवस्थेवरून ठरतो. वांग्यातल्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीइतकं हे कुठल्याच किडीत स्पष्ट दिसत नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

या अळीचा पतंग रात्री फिरतो. पंख पांढुरके, त्यावर तपकिरी-गुलाबी ठिपके. मादी पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या देठावर, कळीवर, फळाच्या टोपीवर सुटी सुटी अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं. बाहेर पडलेली अळी बारीक दोऱ्यासारखी असते आणि ती पानावर रेंगाळत नाही. काही तासांत ती शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि आत जाताना मागचं भोक विष्ठेनं बुजवून टाकते. पुढचे साधारण दोन आठवडे तिचा मुक्काम आतच. वाढ पूर्ण झाली की बाहेर येते, जमिनीवर उतरते, गळलेल्या पानांत आणि काडीकचऱ्यात कोष करते, आणि आठ-दहा दिवसांत नवा पतंग उडतो. महिनाभराच्या या फेऱ्यात अळीच्या अंगावर औषध पडेल असा काळ एवढाच: अंडं फुटल्यापासून आत शिरेपर्यंत.

आता एक वांगं हातात घ्या. त्यावर ठळक गोल भोक आहे ना? ते अळी आत गेल्याचं भोक नव्हे. ती आत गेली टोपीजवळून, फळ लहान असताना, आणि फळ फुगलं तशी ती जागा भरून आली. तुम्हाला दिसतंय ते अळी बाहेर पडल्याचं भोक. फळ चिरलंत तर आत काळपट विष्ठेनं भरलेला बोगदा मिळेल, अळी बहुतेक वेळा मिळणार नाही. म्हणजे भोक पाहून पंप पाठीला लावला, तर ती अळी मारायची वेळ पंधरा दिवसांपूर्वीच गेलेली असते. माना टाकलेल्या शेंड्याचंही तसंच. शेंडा सुकला याचा अर्थ अळी आत सुखरूप बसली आहे. त्यावर कितीही महागडं औषध मारलं तरी तिच्यापर्यंत ते नीट पोहोचत नाही. तिथं कात्रीच चालते: सुकलेल्या भागाच्या इंचभर खालून शेंडा कापायचा, पिशवीत गोळा करायचा आणि नष्ट करायचा. कापलेले शेंडे वाफ्यात टाकून दिले तर अळी त्यातून निघून कोष करतेच. हे काम आठवड्यातून एकदा झालंच पाहिजे. लागण ते फुलोरा या काळात शेंडे मनापासून कापले, तर फळाच्या वेळचा त्रास निम्म्याच्या खाली येतो असा माझा अनुभव आहे. फवारणीपेक्षा या कामाला मजुरी जास्त लागते म्हणून ते मागे पडतं, आणि तिथंच सगळं बिनसतं.

मग अंडं कधी फुटतं ते कळायचं कसं? कामगंध सापळ्यानं, म्हणजे मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यानं. वांग्याच्या अळीची गोळी वेगळी मिळते, हरभऱ्यातल्या घाटेअळीची आणून लावू नका. एकरी चार-पाच सापळे, पिकाच्या शेंड्याच्या जरा वर, आणि पीक वाढेल तसे वर उचलायचे. गोळी साधारण महिन्यानं बदलायची. रोज सकाळी पतंग मोजून वहीत आकडा लिहायचा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, चढ-उताराला असतो. रोज एक-दोन मिळणारे पतंग सलग दोन-तीन दिवस एकदम वाढले, की समजायचं अंडी पडायला लागली. तिथून तीन-चार दिवसांत ती फुटायला सुरुवात होणार. अळी बाहेर येईल तेव्हा पानावर, देठावर, टोपीवर औषध हजर पाहिजे. म्हणजे पतंग वाढल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारणी, आणि आठवड्याभरानं पुन्हा सापळा आणि शेंडे बघून दुसरी. तुमचा सोमवार या चार दिवसांत आला तर नशीब, नाहीतर औषध वाया.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सापळा लावला की सगळं सुरळीत. तोडे सुरू होऊन महिना झाला की वांग्याच्या मळ्यात अंडी, अळ्या, कोष, पतंग सगळं एकाच वेळी असतं. पिढ्या एकमेकींत मिसळून जातात. तेव्हा ‘अचूक दिवस’ असा उरत नाही. अचूक दिवसाचा खरा फायदा पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे लागणीनंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. तिथं हात सैल सोडला तर पुढे फवारण्या वाढवून काही साधत नाही. उलट या अळीवर जगणारी ट्रॅथाला नावाची बारीक परोपजीवी गांधीलमाशी आणि किडी खाणारे कोळी-ढालकिडे तेवढे मरतात.

आता अमावास्या. शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात, चांदण्यापुढे दिव्याची ओढ कमी पडते, हे सगळीकडे दिसलेलं आहे, आणि काही पतंगांची वर्दळ अंधाऱ्या रात्री जास्त असते. पण तुमच्या मळ्यातली पिढी कधी कोषातून निघणार हे तापमानावर ठरतं, तिथीवर नाही. मेमध्ये जो फेरा महिन्याच्या आत पुरा होतो तो थंडीत बराच लांबतो. अमावास्या आली की पानं उलटी करून अंडी बघायची आठवण ठेवा, त्यासाठी ती चांगली आहे. औषध सापळा सांगेल तेव्हा.

टोमॅटोत हेच गणित थोडं सोपं आहे, कारण अंडी डोळ्यांनी सापडतात. फळ पोखरणारी अळी, म्हणजे हरभऱ्यातली घाटेअळीच, वरच्या फुलांच्या गुच्छाजवळच्या पानांवर एकेक अंडं घालते. मोहरीच्या दाण्याहून लहान, गोल, चकचकीत. नुकतं घातलेलं अंडं पांढरट असतं. मग त्याच्याभोवती तपकिरी कडं दिसतं, आणि फुटायच्या आधी ते काळपट होतं. शेताच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून वीस-पंचवीस झाडांची वरची पानं बघितली तर पुरे. पांढरी अंडी जास्त दिसली तर दोन दिवस हातात आहेत. तपकिरी कडं दिसायला लागलं की संध्याकाळी फवारणी. अळी फळात डोकं घालून बसली, मागचा भाग तेवढा बाहेर दिसतोय, अशी अवस्था आली की औषधाचा परिणाम निम्मा होतो.

तुमचा बांधावरचा झेंडू इथंच कामाला येतो, आणि त्याचीही वेळच महत्त्वाची. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे: टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूची एक ओळ, आणि लावताना झेंडूचं रोप ४५ दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं. वयातला हा फरक दोन्हींना फुलं एकदम यावीत म्हणून आहे. पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला जातो आणि टोमॅटोवरचा भार हलका होतो. झेंडू उशिरा फुलला तर सापळा पीक म्हणून त्याचा उपयोग नाही, तो फक्त दसऱ्याचा माल. आणि हो, सापळा म्हणून लावलेल्या झेंडूवरची अळी मारलीच पाहिजे, नाहीतर बांधावर अळीची रोपवाटिका तयार होते.

पांढरी माशी आणि फुलकिडे यांची वेळ याहून आधीची. टोमॅटोवरचे पर्णगुच्छ (पानं आकसून गोळा होणं) आणि टिपक्यांचे विषाणू ही मंडळी कोवळ्या रोपात सोडतात. एकदा विषाणू झाडात गेला की माशा मारून झाड बरं होत नाही. म्हणून इथला खर्च रोपांच्या गादीवाफ्यावर करा: बारीक जाळीची नायलॉन नेट, निरोगी रोपं, आणि लागणीनंतरचा पहिला महिना डोळ्यांत तेल घालून पाहणी. चाळीस-पन्नास दिवसांनंतर पांढऱ्या माशीसाठी दर आठवड्याला औषध मारणारे मी बरेच पाहतो. तो खर्च बहुतेक वाया जातो.

दिवस ठरला, आता तास. सकाळी दव असताना मारलं तर द्रावण पातळ होऊन पानावरून ओघळतं. दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आत एक चांगली वेळ मिळते, वाराही तेव्हा कमी असतो. शिवाय सकाळच्या गारव्यात पांढरी माशी सुस्त असते, उठून उडत नाही. दुपारी मारू नका. बारीक थेंब पानावर पोचायच्या आत वाळतात, पिकाला चट्टे पडतात, आणि सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं उष्णतेत कमी चालतात. दुपारचं दुसरं कारण माणसाचं आहे आणि ते जास्त मोठं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेलं पीक, दमट उकाडा, घामानं भिजलेली उघडी त्वचा आणि तोंडाला काही नाही. भर उन्हात कोणी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तग धरत नाही. सकाळ-संध्याकाळ ते घालता येतं. आपल्या मजुराला दुपारी पंप देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

वांगी-टोमॅटोसाठी मला संध्याकाळच पसंत आहे, साडेचार-पाचनंतर. पतंग आणि अळ्या रात्री हालचाल करतात, मधमाश्या तोवर बहुतेक परतलेल्या असतात. वांग्याच्या फुलावर सकाळी येणारे काळे भुंगे आणि माश्या तुमची फळधारणा करून देतात, त्यांच्यावर औषध पडता कामा नये. जैविक औषधांना तर संध्याकाळ सोडून दुसरी वेळच नाही. घाटेअळीला मारणारा विषाणू, म्हणजे एचएनपीव्ही, उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर निकामी होतो, म्हणून त्याच्या द्रावणात थोडी कपड्याची नीळ घालायची पद्धत आहे. बीटीची, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूची, पावडर अळीनं खाल्ली तरच चालते आणि लहान अळीवरच चालते. बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम या किडी मारणाऱ्या बुरश्यांना ओलावा लागतो, आणि त्यांच्यासोबत बुरशीनाशक मिसळलं तर तुम्ही त्यांनाच मारता.

पण संध्याकाळ हा सगळ्या पिकांचा नियम नाही. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं, भोपळा यांची भल्या सकाळी. म्हणजे काकडीला संध्याकाळ योग्य, पण दोडक्यावर सहा वाजता फवारणी म्हणजे नेमकी उमललेल्या फुलांवर. त्याला सकाळी लवकर, फुलं मिटत आल्यावर मारा. एकाच मांडवात दोन्ही असतील तर जास्त काळजी घ्या.

यानंतर तिसरी वेळ, जी बाजारातल्या गिऱ्हाइकाची आहे: फवारणी आणि तोडा यांतलं अंतर. क्लोरँट्रॅनिलीप्रोल हे अळीसाठी नामांकित औषध. लेबलवर टोमॅटोसाठी काढणीपूर्व कालावधी ३ दिवस आहे, वांग्यासाठी २२ दिवस. औषध तेच, पीक बदललं की सातपट फरक. तुमच्याकडे वांग्याचा तोडा तीन-चार दिवसांआड होतो. मग हे औषध तोडे चालू असताना मारायचं कसं? मारायचंच नाही. ते पहिल्या तोड्याच्या आधीचं, शेंडेअळीच्या पहिल्या पिढीवरचं औषध आहे. तोडे सुरू झाल्यावर वांग्यासाठी शिफारस असलेलं आणि कमी दिवसांचं औषध निवडायचं. इमामेक्टिन बेंझोएटला वांग्यात ३ दिवस आहेत. तेही तोडा झाल्याच्या संध्याकाळी मारायचं, म्हणजे पुढच्या तोड्यापर्यंत पुरेसं अंतर मिळतं. तोड्याच्या आदल्या दिवशी फवारून माल चमकदार करून मार्केटला नेतात, ते बंद करा. ते वांगं कुणाच्या तरी घरी भरताला जाणार आहे.

दुकानदाराच्या मिश्रणाबद्दल. दर खेपेला वेगळी कंपनी म्हणजे वेगळं औषध नव्हे. डबीवरचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरातला घटक वाचा. क्लोरँट्रॅनिलीप्रोल आज कितीतरी नावांनी मिळतं. फ्लुबेंडियामाइड आणि सायँट्रॅनिलीप्रोल हे त्याच गटातले. इमामेक्टिन आणि अबामेक्टिन एका गटातले, स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम एका गटातले. गटातल्या गटात अदलाबदल केली तर अळीला एकाच विषाची सवय लागते आणि ती पुढच्या पिढीत उतरते. रीत अशी ठेवा: एका पिढीला, म्हणजे साधारण महिनाभर, एक गट. पुढच्या पिढीला वेगळा गट. दोन औषधं मिसळून दोघांचीही धार एकदम बोथट करू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारली की लाल कोळी आणि पांढरी माशी उसळते, मग त्यांच्यासाठी तिसरं औषध घ्यावं लागतं. हे चक्र दुकानाच्या फायद्याचं आहे, तुमच्या नाही.

फळबागवाल्यांसाठी थोडं, कारण मुळाशी गोष्ट हीच आहे. आंब्यात तुडतुड्यांवरची फवारणी पालवी आणि बोंगे फुटण्याच्या वेळी, मोहोर उमलायच्या आत. पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात, फळ कमी धरतं आणि दोष हवामानाला जातो. तुडतुडे खोडाच्या भेगांतही बसतात, म्हणून खोडही भिजवा. डाळिंबात फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू फुलावर आणि लहान फळावर अंडी घालतं. फळ लिंबाएवढं होईपर्यंतचा काळ सांभाळायचा, पुढे भोकं पडलेली फळं काढून पुरणं हाच उपाय. द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगतात तेव्हा उडद्या भुंगेरे, आणि फुलोऱ्यापासून मणी ज्वारी-बाजरीएवढे होईपर्यंत फुलकिडे. मण्यावर खरवड पडल्यावर फुलकिड्यांवर मारून डाग जात नाहीत. पिठ्या ढेकूण घडात शिरण्याआधी, त्याची पिल्लं ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) आणि खोडावर फिरत असताना गाठायचा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीसाठी औषधांची यादी आणि काढणीपूर्व दिवस जाहीर करतं, ती यादी बागेत लावून ठेवावी. फळमाशीवर फवारणी जवळजवळ वायाच, कारण अळी गरात असते. तिथं फळ पक्व होण्याच्या कितीतरी आधी नर माशीला गोळीच्या वासानं ओढणारे रक्षक सापळे लागले पाहिजेत, आंबा-पेरूला वेगळी गोळी, वेलवर्गीयांना वेगळी.

गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये, तळेगाव-मावळ भागात, लाल कोळी सगळ्यांना छळतो. उष्ण कोरड्या हवेत त्याचा अंड्यापासून प्रौढापर्यंतचा फेरा आठवडा-दहा दिवसांत होतो. हेक्सिथायझॉक्ससारखं औषध अंडी आणि पिल्लांवर चालतं, प्रौढावर नाही. अबामेक्टिन फिरत्या कोळ्यांवर चालतं, अंड्यांवर नीट नाही. म्हणून एकाच फवारणीत बाग साफ होत नाही. पाच-सात दिवसांनी दुसरी लागते, आणि तीही पानाच्या खालून. फुलकिड्यांचंही तसंच: अंडी पानाच्या पेशीत, कोष मातीत, औषध लागतं ते फक्त पिल्लांना आणि प्रौढांना. कळी रंग दाखवायच्या आधी त्यांना गाठलं नाही तर पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. व्हॅलेंटाइनचा माल जानेवारीअखेरीपासून कापला जातो, त्यामुळे ही सगळी धावपळ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच करावी लागते.

तुमच्या मळ्यात आता काय करायचं ते सांगतो. येता सोमवार फवारू नका. त्या दिवशी दोन माणसं घेऊन सगळे सुकलेले शेंडे आणि भोकाची वांगी काढा, गोणीत बांधा आणि दूर खोल पुरा. त्याच दिवशी सापळे लावा. टोमॅटोची वरची पानं उलटी करून अंड्यांचा रंग बघा. आठ दिवसांचे पतंगांचे आकडे लिहा आणि ते मला कळवा, म्हणजे औषध कुठलं आणि कोणत्या संध्याकाळी ते ठरवता येईल. आणि मागच्या हंगामातली वांग्याची झाडं उपटून बांधावर रचलेली असतील, बहुतेकांकडे असतातच, तर ती आधी हलवा. त्या काड्यांत आणि खालच्या पाचोळ्यात कोष असतात, आणि त्यातून निघणारे पतंग रोज रात्री तुमच्याच नव्या वांग्यात उतरतात.